देव्हाऱ्यातला पालथा बादशहा

मित्रांनो, माझ्या अंगावरची हळद बघून मला देव समजू नका. आणि जुन्या पावलीएवढा माझा आकार बघून चिल्लरही समजू नका, त्याचा मला जास्त राग येतो. मी एक जुना रोमन दिनार आहे, अस्सल चांदीचा. माझं वय दोन हजार वर्षांच्या घरात आहे. तुमच्या वेरूळची लेणी खोदायला सुरुवात झाली, तेव्हा मी म्हातारा झालो होतो. एवढ्या वयात थोडी बढाई मारायची सवय लागतेच, पण माझी ती सवय जन्मापासूनची आहे. कारण मला पाडलंच मुळी बढाई मारण्यासाठी.

रोमच्या बादशहाचं नाव होतं ऑगस्टस. त्याच्या काळात ना वर्तमानपत्र, ना रेडिओ. आपण केवढे मोठे आहोत आणि आपल्यानंतर गादीवर कोण बसणार, हे लाखो लोकांना कळवायचं कसं? त्याने ते काम आम्हा नाण्यांवर सोपवलं. नाणं शिपायाच्या कमरेला जातं, भाजीवालीच्या मुठीत जातं, परमुलखातही जातं. गॉल देशातल्या एका टाकसाळीत कारागिराने चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवली, वर दुसरा ठसा धरला आणि हातोड्याचा एक घाव घातला. तेवढ्यात माझ्या दोन्ही अंगांवर बादशहाची दवंडी उमटली.

एका बाजूला खुद्द बादशहाचा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट. भोवती अक्षरं कोरलेली, की हा देवाचा पुत्र, हा देशाचा पिता. दुसऱ्या बाजूला त्याचे दोन नातू उभे, गायस आणि लुसियस. अंगावर पायघोळ वस्त्रं, मध्ये दोन ढाली, मागे दोन भाले, आणि वर पुजाऱ्याची पळी व वाकडी काठी. याचा अर्थ लोकांनी असा घ्यायचा की शौर्य यांचं, धर्म यांचा आणि उद्याचं राज्यही यांचंच. बादशहाला मुलगा नव्हता. लेकीच्या या दोन मुलांना त्याने दत्तक घेतलं होतं. मी टाकसाळीतून निघालो तेव्हा दोघेही ठणठणीत होते, आणि मी त्यांची द्वाही फिरवत जगभर निघालो होतो.

पुढे मिरी आणि मलमल घ्यायला आलेल्या एका जहाजातून मी भडोचला उतरलो. तिथून बैलांच्या तांड्याबरोबर पैठणच्या वाटेला लागलो. वाटेत, ज्या भागाला आज सिल्लोड तालुका म्हणतात तिथे, एका व्यापाऱ्याच्या कमरेच्या पिशवीतून निसटलो आणि काळ्या मातीत पडलो. मग पाऊस, चिखल, नांगर, पुन्हा पाऊस. मी तिथे एकोणीसशे वर्षं काढली. करमणूक काहीच नव्हती. एकाच विचारात वेळ जायचा, की गायस आता गादीवर बसला असेल, लुसियस त्याचा सेनापती झाला असेल, आणि आपण किती मोठ्या माणसांना अंगावर वागवतो आहोत.

मला वर काढलं ते मनकर्णाबाईंनी.

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. निजामाची राजवट संपली होती, पण बाजारात त्याचा चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपयाही चालत होता आणि हिंदुस्थानचा नवा रुपयाही. मनकर्णाबाई फाल्गुनातल्या उन्हात वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होत्या. एका पऱ्हाटीच्या मुळाला ढेकूळ चिकटून आलं, त्यात मी होतो. त्यांनी थुंकी लावून मला पदराने पुसलं, उन्हात धरलं आणि त्या तशाच नांगराच्या तासात खाली बसल्या.

"अवो, हिकडं या," त्यांनी यजमान फकिरा यांना हाक मारली. "पोरं सापडली."

त्यांना दोन मुलगे होते. सोळा वर्षांचा सांडू आणि चौदाचा बद्रीनाथ. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गावात पटकी आली आणि दोघेही एकाच आठवड्यात गेले. त्या भागात अशी रीत आहे, की घरातलं कुणी लग्नाआधी, अकाली गेलं तर त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे मूर्ती उठवलेला छोटासा पत्रा. अशा गेलेल्या मुलाला वीर म्हणतात. टाक बसला म्हणजे त्याला घरात जागा मिळते, नाही तर तो दाराबाहेर ताटकळत राहतो असं मानतात. मनकर्णाबाईंकडे दोन वर्षांत तेवढी चांदी जमली नव्हती. रोज जेवायला बसताना त्या दाराकडे बघायच्या.

फकिरांनी मला हातात घेऊन उलटसुलट केलं. "आगं, हे तं कोन्या तरी राज्याचं नाणं हाये."

"नाणं आसंल तं आसू द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पोरं तं माहीच हायेत. हा सांडू. आन् हा बद्री, बगा की, जरासा बुटका. ढाली घेऊन उभे हायेत वीर. वर पूजेची पळी बी हाये. आता कामून सिल्लोडला सोनाराकडं जायाचं?"

माझा केवढा अपमान झाला म्हणून सांगू! रोमच्या राजपुत्रांना एक बाई सांडू आणि बद्री म्हणत होती. तेही एक वेळ सोसलं असतं. पण ती त्यांना मेलेलं समजत होती! अहो बाई, हे जिवंत आहेत, हे राज्य करत असतील, असं मी ओरडून सांगितलं असतं. पण चांदीला आवाज फक्त फरशीवर पडल्यावर फुटतो.

मला देव्हाऱ्यात बसवलं. खंडोबा, भवानी, भैरोबा यांच्या ओळीत, अगदी कडेला, लाल कापडावर. मुलं वर दिसली पाहिजेत, म्हणून बादशहाचा चेहरा खाली गेला. देवाचा पुत्र म्हणवून घेणारा तो मोठा माणूस शेवटी खरोखरच देवांच्या शेजारी आला, पण पालथा! त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्याने त्या कापडाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही.

मनकर्णाबाई मला रोज आंघोळ घालत. अमावस्येला चिंच आणि राख लावून अंगठ्याने खसाखसा घासत, कोपरे नीट निघावेत म्हणून पदराच्या टोकाने पुन्हा घासत. मग हळदीकुंकू लावत. लहान मुलाचं तोंड धुताना आई जशी हयगय करत नाही, तशी त्यांनी एका दिवसाचीही हयगय केली नाही. पूजा करताना त्या बोलायच्याही. "सांडू, तुहा बाप बाजारातून आला नाय आजून, ध्यान ठिव." किंवा "बद्री, आज गूळ नाय घरात, साखरंवर भागव." बद्रीला गूळ फार आवडायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांना जेवू घालतात. त्या दिवशी माझ्यापुढे पुरणपोळी आणि आमरसाची वाटी यायची, आणि वाटीशेजारी गुळाचा खडा.

मी मनातल्या मनात फणफणत असे. पण खरं सांगतो, एखाद्या दिवशी त्यांना पूजेला उशीर झाला तर मला चैन पडत नसे.

मी सापडल्यानंतर दोन वर्षांनी मनकर्णाबाईंना मुलगा झाला, काकासाहेब. तो शिकला, शहरात कारकून झाला. आता तुम्ही ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणता, ते तेव्हा औरंगाबाद होतं. एकोणऐंशी साली त्याचं लग्न ठरलं. लग्नाआधी घरचे देव सोनाराकडे नेऊन उजळून आणायचे, अशी तिथली पद्धत. फकिरा तेव्हा थकले होते. मनकर्णाबाईंनी सगळे टाक नव्या खणात बांधले, ते गाठोडं मांडीवर घेतलं आणि काकासाहेबांबरोबर एसटीने शहरातल्या सराफ्यात आल्या. गाठोडं त्यांनी वाटेत मुलाच्याही हातात दिलं नाही.

नानासाहेब सोनारांनी एकेक टाक पाहिला. खंडोबा उजळेल, भवानी उजळेल. माझ्यापाशी येऊन ते थांबले.

"मावशी, यात काही राहिलं नाही. तोंडं पार गेलीत, बघा. झिजलेला टाक पूजेत ठेवू नये. याची मोड घेतो आणि नवा घडवून देतो. दोन वीर, घोड्यावर बसलेले. छान दिसतील."

मनकर्णाबाईंनी मला डोळ्यांजवळ नेलं. ढालींच्या जागी दोन फुगवटे, भाल्यांच्या जागी काहीच नाही, चेहऱ्यांच्या जागी गुळगुळीत चांदी. रोज बघणाऱ्याला झीज दिसत नाही. त्यांना ती त्या दिवशी दुकानातल्या उजेडात पहिल्यांदा दिसली.

"म्याच घासून घासून घालवली," त्या हळूच म्हणाल्या. "आन् मला वाटायचं, पोरं कशी चकचकीत ठिवलीत."

"आई, रडू नको. नवा टाक करू," काकासाहेब म्हणाले. त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. नानासाहेबांनी मला उचलून मोडीच्या परातीत टाकलं. त्या परातीतली चांदी तासाभरात मुशीत जाऊन वितळायची होती.

दुकानाच्या गादीवर त्या वेळी कमरोद्दीन मास्तर बसलेले होते. ते शाळेत इतिहास शिकवत आणि जुनी नाणी जमवत. शनिवारी अर्धी शाळा सुटली की सायकल घेऊन सराफ्यात यायचे आणि मोडीत आलेली नाणी मुशीत जायच्या आत सोडवून घ्यायचे, चांदीच्या भावाने. बावीस वर्षं त्यांचा हा नेम होता. त्यांनी सवयीने परातीत हात घातला, मला उलटं केलं आणि त्यांचा हात थांबला.

मित्रांनो, पालथं पडण्याचा एक फायदा असतो. बादशहाच्या बाजूला ना चिंच लागली होती, ना राख. त्याचा चेहरा, पानांचा मुकुट, एकेक अक्षर जागच्या जागी होतं. मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. त्यांचे ओठ हलत होते. ते मला वाचत होते! दोन हजार वर्षांनी कुणीतरी मला वाचत होतं. असा दिनार त्यांनी आजवर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. आणि तो मिळवण्यासाठी त्यांना आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, मोडीचा भाव द्यायचा आणि मला खिशात टाकायचं.

मी तर आनंदाने वेडा झालो. सुटलो एकदाचा त्या हळदीतून! आता मखमलीवर बसणार, जाणकारांच्या नजरेखाली राहणार. चला मास्तर, उठा, असं माझं चाललं होतं. पण ते उठेनात. ते कोपऱ्यात डोळे पुसणाऱ्या म्हातारीकडे बघत होते.

"नानासाहेब, ठैरो. ये नक्को गलाओ," ते म्हणाले. मग थोरल्या बहिणीला म्हणतात तसं आपा म्हणत त्यांनी मनकर्णाबाईंना विचारलं, "आपा, हा तुमचा आहे? कुणाचा टाक आहे हा?"

"माह्या दोन पोरांचा."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी भिंग खिशात ठेवून दिलं. मग म्हणाले, "आपा, हा टाक नाही. हे फार जुनं, फार दूरच्या देशाचं नाणं आहे. याची किंमत मोठी आहे."

काकासाहेब पुढे सरकले. "किती मोठी? लग्नाचा खर्च निघंल?"

"निघेल. वर उरेल."

"माह्या पोरांची किंमत इचारू नको, काकासाहेब," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण काकासाहेब मागे झाले. त्या मास्तरांकडे वळल्या. "तुमी शिकल्याले मानूस हायेत. खरं सांगा. मंग हे दोघं कोण हायेत?"

मास्तर जरा घुटमळले. मला वाटलं, आता हे माझी द्वाही फिरवणार. आता कळेल या बाईंना, की हे मोठे राजे झाले म्हणून!

"सख्खे भाऊ होते," मास्तर म्हणाले. "त्यांच्या आजोबांनी त्यांना पोटच्या मुलांसारखं वाढवलं. आजोबा बादशहा होते. आपल्यानंतर या दोघांनी राज्य करावं असं त्यांच्या मनात होतं, म्हणून मुलांच्या हयातीतच ही नाणी पाडली. पण धाकटा परमुलखात आजारी पडून गेला. दीड वर्षाने थोरलाही गेला, जखम चिघळून. दोघांची गादी राहिली ती राहिलीच. म्हातारा मागे उरला."

मी परातीतून ऐकत होतो. मला खोटं वाटलं. मास्तरांनी वर्षं सांगितली, गावांची नावं सांगितली. म्हणजे मी भडोचच्या वाटेवर, काळ्या मातीत, ज्यांची बढाई मारत होतो, ती मुलं तेव्हाच गेली होती. एकोणीसशे वर्षं मला कुणी सांगितलं नाही. आणि ज्या बाईवर मी अठ्ठावीस वर्षं फणफणलो, तिला मात्र पहिल्या नजरेत दिसलं होतं, की ही लवकर गेलेली मुलं आहेत. मला इतकं वाईट वाटलं की मुशीत टाकलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

मनकर्णाबाई परातीजवळ आल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हातारा किती वरसं ऱ्हायला मागं?"

"दहा वर्षं."

"दहा वरसं," त्या म्हणाल्या. "लई झाले. कुठं हाये त्यो?"

मास्तरांनी मला उलटं करून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी बादशहाचा चेहरा नीट पाहिला आणि पटकन पदर डोक्यावर ओढून घेतला, वडीलधारं माणूस समोर आल्यावर घेतात तसा.

"आगं बाई! हा त्यांचा आज्या? आन् म्या एवढी वरसं ह्याला पालथं घातलं!" मग थोडं निरखून म्हणाल्या, "पन हा तं तरणाच दिसतोय."

मास्तर हसले. "राजे नाण्यावर म्हातारे होत नाहीत, आपा. सत्तर वर्षांचा झाला तरी त्याने आपलं चित्र असंच काढून घेतलं."

"तेवढं तरी काम त्याच्या हातात होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी मला मुठीत घेतलं. "नानासाहेब, बाकीचे देव उजळा. हे नको. देव झिजला तं बदलत्यात, पोरं झिजली म्हणून कुनी बदलतं व्हय?"

मास्तरांनी त्यांना समजावलं की आता राख नको, चिंच नको. साध्या पाण्याने धुवायचं, मऊ फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. त्यांनी मान डोलावली. जायला उठल्या, तेव्हा मास्तरांची नजर अजून त्यांच्या मुठीवरच होती. ती त्यांनी हेरली.

"मास्तर, तुमचं मन निघंना ह्याच्यातून."

"नाही हो, आपा. पाहायला मिळालं, तेच फार झालं."

मनकर्णाबाई पायरीवर थांबल्या. "माह्या पाठीवर भाऊ नाय. दुसऱ्याची पोरं उन्हाळ्यात मामाच्या घरी जायाची, तवा माहे दोघं येशीत बसून त्यांच्या बैलगाड्या बघायचे. मामाचं घर त्यांनी पाह्यलंच नाय." त्या मास्तरांकडे वळल्या. "तुमी न्या उन्हाळ्यात. आठ दिस. पन आखाजीच्या आधी आणून घाला, जेवायला घरी लागतील."

कमरोद्दीन मास्तर पुढे झाले. त्यांनी नुसता हात छातीवर ठेवला.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी मामाच्या घरी जाऊ लागलो. मास्तर सिल्लोडची एसटी पकडून यायचे, मनकर्णाबाई त्यांना जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. शहागंजजवळच्या गल्लीत मास्तरांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे एका लाकडी तबकात निळ्या मखमलीवर माझी जागा असे. शेजारी पैठणचं शिशाचं नाणं, त्यावर हत्ती. पलीकडे याच शहरात पाडलेला मुघलांचा रुपया, त्यावर शहराचं तेव्हाचं नाव, खुजिस्ता बुनियाद, कोरलेलं. मग निजामाचा चारमिनारवाला रुपया, आणि शेवटी तीन सिंहांचा आपला रुपया. मास्तर शाळेतल्या मुलांना बोलावून एकेक नाणं दाखवायचे. म्हणायचे, "नाणं हातात आलं की आधी विचारा, हे आपल्याला काय पटवायला बघतंय? हत्ती कशासाठी? राजाचं नाव कशासाठी? आणि हा राजा जाऊन सिंह का आले?" मुलं भांडून उत्तरं द्यायची. माझी पाळी आली की मास्तर आधी बादशहाची बाजू दाखवून त्याची सगळी बढाई वाचून दाखवायचे, मग दुसरी बाजू वर करायचे. त्या गुळगुळीत बाजूवर काय होतं आणि ते कसं पुसलं गेलं, हे ते सांगायचे. ती गोष्ट त्यांना एका दमात कधीच पुरी करता आली नाही.

मनकर्णाबाई माझ्याबरोबर गुळाची ढेप पाठवायच्या, बद्रीसाठी. मास्तरांच्या बायको अनवरीबी पहिल्या वर्षी गोंधळल्या, की याचं करायचं काय. मग म्हणाल्या, "बच्चों का है, तो बच्चों को देंगे." दर वर्षी गल्लीतली पोरं तो गूळ वाटून खायची आणि मास्तरांची लेक नजमा खडे मोजून द्यायची, कुणाला जास्त जाऊ नये म्हणून.

अशी बारा वर्षं गेली. काकासाहेबांनी पुंडलिकनगरात घर बांधलं होतं आणि फकिरांच्या माघारी मनकर्णाबाई देव्हाऱ्यासह तिथे राहायला आल्या होत्या. त्या उन्हाळ्यात मास्तर मला रिक्षातून घेऊन गेले. खोकत होते. आठ दिवस झाले, दहा झाले, ते परत आले नाहीत. आखाजी दोन दिवसांवर आली.

"आई, मी म्हणत नव्हतो का?" काकासाहेब म्हणाले. "एवढी किमती वस्तू, लिहून न घेता देत ऱ्हायलीस. चल, घेऊन येऊ."

ते दोघे गल्लीत शिरले तेव्हा मास्तरांच्या घरापुढे माणसं बसलेली होती. कमरोद्दीन मास्तर आदल्या रात्री गेले होते. मनकर्णाबाई तशाच आत गेल्या. अनवरीबी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नजमाला खूण केली. नजमाने कपाटातून कागदाची पुडी आणली. तीत मी होतो. वर मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं, मनकर्णा आपांची अमानत, आखाजीच्या आधी पोचवणे. अंथरुणावरूनही त्यांनी दोनदा आठवण केली होती.

काकासाहेबांनी खाली मान घातली आणि पुडी घ्यायला हात पुढे केला. मनकर्णाबाईंनी तो हात अडवला.

"ऱ्हाऊ दे."

"आई, आखाजी आलीय. देव्हाऱ्यात पाहिजेत ते."

"आखाजी पुढल्या वर्साला बी येईल. मामा गेलाय. मामाचं सुतक भाच्यायला तीन दिस आसतं. ते मामाच्याच घरी बसतील." आणि त्या अनवरीबींच्या शेजारी चटईवर बसल्या. "तू जा. मी बी इथंच हाये."

तीन दिवस मी त्या घरातल्या फळीवर होतो. मला धुतलं नाही, हळद लावली नाही. मनकर्णाबाई अनवरीबींचा हात हातात घेऊन बसून होत्या. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येत होती. दोन हजार वर्षांत मी बादशहाच्या शिपायांपासून व्यापाऱ्यांपर्यंत पुष्कळांच्या हातात गेलो, पण एवढा मान मला कुणी दिला नव्हता. मी तिथे नाणं म्हणून नव्हतो. मी घरातल्या दुःखाला बसलेला भाचा होतो.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, झाली. मनकर्णाबाई उठल्या, पुडी घेतली, कनवटीला लावली. दारापाशी जाऊन मात्र त्यांचा पाय निघेना.

"आता उन्हाळ्यात ह्या पोरायला कोण नेईल?" त्या कुणालाच न विचारल्यासारखं म्हणाल्या.

नजमा तेव्हा कॉलेजात होती. ती ओढणीने डोळे पुसत पुढे आली. "मी येईन, फुफी," ती म्हणाली. फुफी म्हणजे आत्या, बापाची बहीण.

मित्रांनो, आता मनकर्णाबाईही नाहीत. मी पुंडलिकनगरच्या देव्हाऱ्यात असतो. काकासाहेबांनी एकदा माझी किंमत विचारली होती, ते मी विसरलेलो नाही, आणि अजून मनातल्या मनात त्यांना टोमणे मारतो. पण रोज मला साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपणारे तेच आहेत. आठवड्यातून एक दिवस ते मला उलटं ठेवतात, म्हाताऱ्यालाही उजेड दिसावा म्हणून.

तुमच्या घरातही असं काही जुनं असेल. त्याला राख लावू नका आणि घाईघाईने मोडीत घालू नका. जाणत्या माणसाला दाखवा, त्याच्यावर काय लिहिलं आहे ते वाचायला शिका. राजाने त्यावर काय लिहिलं ते जरूर वाचा, पण घरातल्या ज्या माणसाने ते सांभाळलं, त्यालाही एकदा विचारा आणि त्याचं बोलणं मध्ये तोडू नका. एवढंच माझं मागणं आहे.

बादशहाने सांगितलेलं काम माझ्या हातून झालं नाही. ती मुलं राजे झाली नाहीत, आणि त्यांचे चेहरेही आता माझ्यावर उरले नाहीत. पण दर उन्हाळ्यात, आखाजीच्या थोडं आधी, दारात रिक्षा थांबते. नजमा आता स्वतः शाळेत इतिहास शिकवते, केस पांढरे झाले आहेत. ती चप्पल काढता काढता आत हाक मारते, "काकासाहेब, पोरं तयार आहेत का?"